इन्सुलीच्या घाटातलं गाऱ्हाणं

लवूमामा आपल्या भाचीकडे, इन्सुलीला, कायमचा राहायला निघाला त्या दिवशी सकाळपासून जानकीचं डोकं फिरलेलं होतं. दुःखानं नव्हे. दुःख करायला माणसाला जरा सवड लागते, आणि लवूमामानं तेवढी सवड आयुष्यात कधी कुणाला दिली नव्हती. जाण्याच्या दिवशी तरी कशाला देईल?

उठल्या उठल्या त्यानं अबोलीची शेपटी धुतली. अबोली म्हणजे टांग्याची घोडी. आदल्या संध्याकाळीच जानकीनं तिला शेपटीपासून आयाळीपर्यंत घासून काढली होती.

"काल धुतलंय मी ती," जानकी म्हणाली.

"दिसली माका, कशी धुतलंस ती."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर खांब उभा आहे की गावचा पोलीस पाटील ते कळत नाही, आणि ह्याला घोडीची शेपटी दिसली! मग त्यानं घोडीच्या पोटाखालचा तंग सोडला. एक भोक मागे नेला, एक भोक पुढे नेला आणि शेवटी जानकीनं लावला होता त्याच भोकात परत लावून "हां, आता झाला" म्हणाला. जानकीनं कपाळाला हात लावला.

तिचा थोरला, सत्यवान, नवीकोरी रिक्षा दारात आणून उभा होता. सावंतवाडीत रिक्षा आल्यापासून टांगे एकेक करून बसले. जानकीच्या घरात तर रिक्षा आणि टांगा एकाच मांडवाखाली नांदत होते, सवती नांदतात तसे.

"लवूमामा, माझ्या रिक्षेतसून चला. गप्पा मारी मारी इन्सुली गाठतलाव," सत्यवान म्हणाला.

"त्या डब्यात मी बसूचंय नाय. जेका कान नाय, तेच्या मनात काय आसा तां मी कसा वळखू?"

"मगे येश्टीन जावा."

"येश्टीक तरी खंय कान आसत?"

"मी नेतंय," जानकी म्हणाली. "टांग्यान. आणि घाट मी उतरवतलंय. तुमी मागे बसायचा."

लवूमामा काहीच बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे हो म्हणाला असं धरणारा माणूस नवखा. जानकी नवखी नव्हती. तिनं पदर खोचला.

आता हे घाटाचं काय ते सांगायला हवं. लवूमामा जुना, संस्थानच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार. पागेतली घोडी गेली, माणसं पांगली, तसा तो जानकीच्या नवऱ्याच्या टांग्यावर कामाला आला. पुढे नवरा काविळीनं गेला. पदरात दोन पोरं, दारात एक टांगा आणि एक चावरा घोडा. दिरांनी सांगितलं, विकून टाक आणि गप घरात बस. लवूमामानं काही सांगितलं नाही. तेराव्यानंतर त्यानं लगाम आणून तिच्या हातात दिला.

पण घोडा जोडून नव्हे. लगामाचं पुढचं टोक स्वतःच्या मुठीत धरून तोच अंगणात घोड्यासारखा पुढे उभा राहिला, डोळे मिटून, आणि जानकीनं मागून त्याला हाकायचं. जरा जोरात ओढलं की तो मटकन खाली बसायचा. "माझा तोंड फाटला!" म्हणून ओरडायचा. फार सैल सोडलं की सरळ चालत जाऊन तुळशीला धडकायचा. शेजारणी दगडी गडग्यावरून माना काढून बघायच्या. नवरा जाऊन महिना दोन महिने नाही झाले, आणि ही बया परक्या पुरुषाला लगाम लावून अंगणभर फिरवते! जानकी लाजेनं अर्धी व्हायची आणि रागानं दुप्पट.

"राग इलो की मूठ उघड," तो सांगायचा. "हातातलो राग घोड्याच्या तोंडात जाता. घोड्यान तुझा काय घोडा मारलाहा?"

असं शिकवलं त्यानं. आणि जानकी शिकली. गावात एकटी बाई टांगेवाली, पण मामलेदाराच्या बायकोपासून बाळंतिणीपर्यंत सगळ्या बायका तिचाच टांगा बघायच्या. कोण हसलं नाही मग. फक्त इन्सुलीच्या घाटात तिची सत्ता संपायची. घाटापलीकडच्या बांद्याचं गिऱ्हाईक मिळालं की लवूमामा बरोबर यायचाच. घाटाच्या तोंडाशी तो खाली उतरायचा, घोडीच्या तोंडाशी हात धरायचा आणि पायथ्यापर्यंत चालत न्यायचा. जानकी वर बसलेली, लगाम हातात नुसता नावाला, जत्रेतल्या बाहुलीसारखी. इतक्या वर्षांत एकदाही त्यानं घाट तिच्या हाती सोडला नाही. केस पिकले तिचे, सुना आल्या, नातवंडं झाली, तरी घाट आला की ती आपली शिकाऊ!

आणि आता हा माणूस चालला. कशासाठी, तर महिन्याभरापूर्वी अबोलीच्या खुरात अडकलेला खडा त्याच्या बोटांना सापडला नाही. घोडी दोन दिवस लंगडली आणि बरीही झाली. लवूमामानं मात्र जाहीर केलं, "डोळे गेले ते गेले. आता हातव खोटे पडले. हयसर माझा काम उराक नाय." जानकीनं सांगून बघितलं, भांडून बघितलं, एक दिवस जेवली नाही. भिंतीशी बोलावं तसं. जातोच आहेस तर जा मेल्या, पण एकदा, फक्त एकदा, मागे बस आणि माझ्या हातानं घाट उतर. तिला दुसरं काही नको होतं.

निघाले. लवूमामाची ट्रंक मागे, आणि लवूमामा अर्थातच पुढे, जानकीच्या शेजारी.

"डावी ओढू नको."

"खंय ओढलंय मी?"

"ओढूच्या विचारात होतंस."

सावंतवाडीचं तळं मागे पडलं, वस्ती विरळ झाली, हमरस्ता लागला. मालाचे ट्रक भोंगे वाजवत अंगावरून जात होते. लवूमामाची टकळी चालूच. कान बघ तिचे. पाठ मोकळी सोड. ह्या ट्रकाक वाट दी. त्या ट्रकाक देव नको, तो मेलो वाकडो येता.

"मामा, वायच गप ऱ्हवतास?"

"मी गपच आसंय. मी घोडयेवांगडा बोलतंय."

आणि खरंच, घोडी कान मागे वळवून ऐकत होती ती मेली. जानकीनं मूठ उघडली. घाटापर्यंत तिनं किती वेळा मूठ उघडली त्याचा हिशोब नाही.

घाटाच्या तोंडाशी वडाखाली देवाचा पाषाण आहे. तिथे टांगा थांबला न थांबला तोच लवूमामा खाली उतरला आणि चाचपडत घोडीच्या तोंडाकडे निघाला.

"खंय चललास?"

"घाट उतरवूक."

"मागे बसायचा ठरला मगाशी!"

"तू ठरवलंस. मी खंय ठरवलंय?"

टांग्याला ब्रेक नसतो. उतारावर सगळा भार पुढे, घोडीच्या पाठीवर येतो. म्हणून मागच्या बैठकीवर वजन लागतं. माणूस मागे बसला की गाडी तोललेली राहते आणि घोडी मोकळ्या पाठीनं उतरते. हे लवूमामानंच शिकवलेलं. जानकीनं ते त्याला ऐकवलं.

"मागे धोंडो ठेव एक," तो म्हणाला. "मोठोसो. धोंडो बरो. गप बसता."

"तां खरा. तुमच्यापेक्षा धोंडो कधीव बरो!"

तेवढ्यात त्याचा पाय खडीवरून सरकला आणि तो दोन पावलं रस्त्यात गेला. खालून चढत आलेला ट्रक भोंगा वाजवत त्याच्या कुशीजवळून निघून गेला. धोतराचा सोगा वाऱ्यानं उडाला. ट्रकवाल्यानं शिवी हासडली. लवूमामानं ट्रक केव्हाच पुढे गेल्यावर हवेत काठी उगारून उलटी शिवी दिली, तीही दुसऱ्याच दिशेला.

जानकीनं खाली उडी मारली, त्याचं मनगट धरलं आणि पाषाणापाशी आणून बसवलं. "मराक व्हया तुमका? भाचयेकडे पोचवतंय की मसणात?"

"आधी गाऱ्हाणा घालूया," तो शांतपणे म्हणाला आणि कनवटीची पान-सुपारी काढून देवापुढे ठेवली. "गाऱ्हाण्याशिवाय घाट उतराक नाय कधी."

हात जोडले, घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली. म्हणावंच लागतं. गाऱ्हाणं घालणारा एक आणि व्हय म्हणणारा निदान एक हवाच, त्याशिवाय ते देवाला पोचत नाही. एरवी व्हय म्हणायला गाव असतो. इथे ती एकटी.

"आज ही तुझी दोन लेकरां आणि एक मुको जीव तुझ्या पायाशी इली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ह्या बायेचो हात जड आसा रे म्हाराजा!"

जानकीनं दात आवळले. "व्हय म्हाराजा."

"शिकवन शिकवन माझी हाडां झिजली, पण हिच्या टाळक्यात उजेड पडूक नाय रे म्हाराजा!"

"लवूमामा!"

"व्हय म्हण. गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नसता."

"व्हय म्हाराजा!" ती एवढ्या जोरात म्हणाली की अबोलीनं मान वर केली.

"तर हिका वायच बुद्धी दी, घोडयेक पाय दी, आणि माका हिच्या हातसून एकदाचो सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मात्र तिनं मनापासून म्हटलं.

लवूमामा काठी टेकून उठायला लागला. जानकीनं त्याला खांदा दाबून परत खाली बसवलं आणि स्वतः हात जोडले.

"तू काय करतंस?"

"गाऱ्हाणा घालतंय."

"बायल माणसान गाऱ्हाणा घालूचा नसता गो."

"बायल माणसान टांगो तरी खंय हाकूचो असता? गप बसा. बा देवा म्हाराजा!"

लवूमामा काठी चाचपायला लागला.

"म्हणा. अर्ध्यार सोडूचा नसता."

"व्हय म्हाराजा," तो पुटपुटला.

"ह्यो म्हातारो माझो गुरू आसा रे म्हाराजा!"

हे त्याला अपेक्षित नव्हतं. त्यानं मान दुसरीकडे वळवली, जणू तिकडे काही दिसणार होतं. "व्हय म्हाराजा."

"माझ्या पोरांच्या तोंडात जो घास पडलो, तो ह्येनी शिकवल्यान म्हणान पडलो रे म्हाराजा!"

"व्हय," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "म्हाराजा."

"पण ह्येचे डोळे गेले, गुडघे गेले, आणि हट काय जाणा नाय रे म्हाराजा!"

"ह्यां कित्याक देवाक—"

"म्हणा!"

"व्हय म्हाराजा."

"तर आता तो हयसून उठतलो, मुकाट मागच्या बैठकीर बसतलो, आणि पायथो येयसर तोंडातसून शबूद काढूचो नाय रे म्हाराजा!"

वडावर कावळा ओरडला. एक ट्रक गेला, त्याच्यामागून एक येश्टी गेली. लवूमामा हात जोडून तसाच. माणसांना फसवता येतं, उडवून लावता येतं. पाषाणासमोर बसून नाही कसं म्हणायचं?

"फशिवलंस माका," तो हळूच म्हणाला.

"माका सांगा नको. देवाक सांगा."

अबोलीनं पाय आपटला.

"व्हय म्हाराजा," लवूमामा म्हणाला.

जानकीनं त्याला हात धरून मागच्या बैठकीवर चढवलं. चढताना तो एवढा कण्हला की कुणाला वाटावं फासावर चढतोय. ट्रंक पायाशी, काठी मांडीवर, तोंड मागच्या रस्त्याकडे. जानकी पुढे बसली. दांडे घोडीच्या पाठीवरून अलगद उचलले गेले. त्याचं वजन अगदी हवं तिथे होतं.

"चल बाय," ती म्हणाली.

पहिलं वळण तिनं डोंगराच्या बाजूनं धरलं. मूठ अर्धी उघडी, बोटांत घोडीचं तोंड जाणवतंय तेवढंच. अबोली मागच्या पायांवर भार घेऊन एकेक पाऊल मोजून टाकत होती. मागून आता आवाज येईल, डावी ओढू नको. आवाज आला नाही. जानकीला नवल वाटलं. देवाला दिलेला शब्द पाळतोय म्हातारा!

दुसऱ्या वळणावर जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक वर येताना वळण खाऊन सरळ तिच्या बाजूला आला. भोंगा असा वाजला की दरी घुमली. अबोलीचे कान ताठ, पाठ आखडली. जानकीचे दोन्ही हात ओढायला शिवशिवले. तिनं ओढलं नाही. "हूं... हूं," एवढंच म्हणाली आणि बोटं सैल केली. घोडी उभी राहिली, ट्रक चाकाला चाक घासेल असा गेला, आणि घोडी आपणहून पुन्हा चालायला लागली. जानकीच्या पाठीवरून घाम वाहत होता. असं तर लवूमामालाही जमलं नसतं. तो खाली उतरून तोंड धरून उभा राहिला असता. ती वर बसून, नुसत्या बोटांवर! मागून तरीही आवाज नाही. आता त्याला काही बोलायला जागाच उरली नव्हती, म्हणून गप्प असणार. जानकीची मान ताठ झाली. शेवटचा उतार तर तिनं असा उतरवला की अबोलीच्या गळ्यातल्या घंटेलाही कळू नये.

पायथा आला. शेतं लागली, पुढे तपासणी नाक्यावर उभ्या ट्रकांची रांग दिसायला लागली. जानकीनं टांगा कडेला घेतला आणि सावकाश मागे वळली. आता बोल म्हणावं.

"बघितलास, मामा?"

लवूमामा कठड्याला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होता.

तिचा विश्वासच बसेना. आयुष्यभर ज्या गोष्टीची वाट बघितली ती झाली, आणि ज्याच्यासाठी केली त्या माणसानं डोळे मिटून घेतले! असा संताप आला तिला, की चाबूक खाली ठेवला होता ते बरं.

"मामा! ओ मामा!"

तो दचकून उठला. "काय? इन्सुली इली?"

"झोपलास तुमी? घाटात?"

"तूच म्हणालंस, शबूद काढू नको," तो तोंड पुसत म्हणाला. "जागो ऱ्हवन शबूद न काढूक माका जमणा नाय."

जानकीनं टांगा दामटत थेट भाचीच्या दारात नेला. त्याची भाची सुशीला अंगणात वाट बघत होती. लवूमामा पाय धुवायला विहिरीकडे गेला तसा जानकीनं सगळा राग तिच्यापुढे ओतला. चिऱ्यांचा ट्रक, तो भोंगा, ती घोडी, आणि हा तुझा मामा घोरतोय!

सुशीला पाण्याचा तांब्या हातात धरून उभीच राहिली. "मामा झोपलो? गाडयेत?"

"मगे काय सांगतंय!"

"कसा शक्य आसा, अक्का? माझ्या लग्नाक येश्टीन कुडाळाक गेलेलो, तेव्हा अख्खो रस्तो डायव्हराच्या मागे उभो ऱ्हवन 'वळण इला, वळण इला' करी होतो. कंडक्टरान दोनदा खाली बसवल्यान. दुसऱ्याच्या हातात तेका झोप येणाच नाय."

अबोलीच्या मानेवरचा घाम पुसायचा राहिला होता, तो जानकी पुसायला गेली. बराच वेळ पुसत राहिली.

लवूमामा पाय धुऊन आला. चहा झाला. मग त्यानं विचारलं, "मगे? घाटात ट्रक बिक इलेलो काय गो?"

"इलेलो. चिऱ्यांचो. दुसऱ्या वळणार."

"काय केलंस?"

"ढील दिलंय. घोडी उभी ऱ्हवली."

"थंयच चुकलंस," लवूमामा म्हणाला. "ढील देवच्या आधी वायच डोंगराकडे घेवक होयी होती."

"तुमी घोरत होतास!"

"म्हणान काय झाला? डोंगराकडे घेतल्यार घोडयेक आधार वाटता. आणि तिसऱ्या वळणार..."

तिसऱ्या वळणावरची चूक झाली, मग शेवटच्या उताराची. झोपेत न बघितलेल्या घाटाच्या चुका तो एकेक करून सांगत होता, आणि सुशीला पदराआड हसत होती. जानकीनं "माका ठावक आसा" असं चारदा म्हटलं. मग ती उठली. वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चढणीर भार फुडे घी."

"ठावक आसा!"

ती टांग्यात बसली. लगाम उचलला. लवूमामा चाचपडत मागे आला आणि त्यानं मागच्या बैठकीच्या कठड्यावर हात ठेवला.

"घोडयेची चंदी भिजवतंस ती फार वेळ भिजवतंस. आंबता. आणि पावसात खुरांक तेल लाव. सत्यवानाक हात लावक देव नको तिका, तेका त्या डब्याची सवय झालीहा..."

जानकी ऐकत राहिली. अबोली चुळबुळ करायला लागली. लवूमामाचं बोलणं एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. संपायचं नावच नाही. ऊन चढत होतं आणि पुढे सगळी चढण होती.

"मामा," शेवटी जानकी ओरडली, "हात काढा कठड्यावरसून! मी निघू कशी?"

"तू हाक गो," लवूमामा म्हणाला. "हात आपसूक सुटतलो."

ती पुढेच बघत होती. घोडीचे कान तिला नीट दिसत नव्हते. तिनं मूठ सैल केली, आणि अबोली चालायला लागली.